मोमोलो ठणठणीत आहे

व्हेनिस, रविवार

चि. ओर्सोला हिला नाने काकाचे अनेक आशीर्वाद.

खाडीपलीकडे मेस्त्रेत तुम्ही सगळे खुशाल असाल. जावईबापूंची कंबर कशी आहे? (लिफ्टने चढउतार करणाऱ्यांची कंबर दुखते कशी, कोण जाणे.) तुझा बाप, म्हणजे आमचा मोमोलो, मजेत आहे. समोर बसून मी काय लिहितो त्यावर पहारा देतो आहे. घरापासून मासळीबाजारापर्यंत पायी जाऊन परत आलात तर व्हेनिसमध्येच राहा, नाहीतर ईस्टरनंतर मुकाट्याने माझ्याकडे चला, अशी तुझी त्याला अट होती. काल आम्ही दोघं गेलो आणि आलो. विषय संपला.

थोडा उशीर झाला तो त्याच्या उत्साहामुळे. पहिल्याच पुलावर चढून तो कठड्याला धरून उभा राहिला. (शोभा बघायला. जन्मापासून रोज बघतोय, पण हौसेला मोल नसतं.) तो थांबला म्हणून परदेशी पाहुणे थांबले, आणि याला चेव आला. म्हणे इथूनच एक सरदार प्रेमभंगाने पाण्यात पडला! पुढच्या पुलावर दुसरा. बाजार येईपर्यंत यानं निम्मा दरबार बुडवला. एक बाई तर डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "चल लेका, सरदार संपत आले." तर म्हणतो, "थांब रे, लोकांना ऐकायचंय."

बाजाराजवळ एकेक पेला वाइन घेतली, तळलेली सार्डिन खाल्ली. दुकानदार म्हणाला, "काय मोमोलो, अजून आहेस?" "तुझ्या मयतीला खांदा कमी पडू नये म्हणून थांबलोय," मोमोलो म्हणाला. परतताना ब्रुनो हमाल भेटला. त्याच्या हातगाडीत प्रवाशांच्या बॅगांवर बसून मोमोलो घरी आला. (गंमत म्हणून.) पायऱ्यांवरून गाडी धाडधाड उतरताना स्वतःच ओरडत होता, "बाजूला व्हा, फुटकं सामान आहे!" सगळी गल्ली हसली. चाकांना पाय म्हणायचं की नाही, यावर तू वाद घालू नकोस. त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली ती खोली भाड्याने देऊन टाक.

तुझा नाने काका

ता. क. मोमोलो सांगतोय, मेस्त्रेत मोटारी माणसांना चिरडतात, हेही लिही.

ता. क. त्याला डुलकी लागली आहे, म्हणून खरं लिहितो. परतीच्या पुलापाशी त्याचा पाय उचलेना. पायऱ्यांवर बसून रडला गं. "हा पूल आपण पळत ओलांडायचो, नाने," एवढंच म्हणाला. हातगाडी मीच बोलावली. त्याला जिना चढवायला आता माझ्यातही बळ नाही. ये आणि त्याला घेऊन जा. पण सांगताना सांग, की हट्ट तुझा होता आणि नाने शेवटपर्यंत भांडला. तुझ्यावर रागावला तर दोन दिवसांत विसरेल. माझ्यावर रुसला, तर समजूत काढायला मला तिथवर यायला जमायचं नाही. तो गेल्यावर मी कुणाबरोबर फिरणार, काही सुचत नाही.

ता. क. जागा झाला. म्हणतो, "लिही, मरेन पण मेस्त्रेला येणार नाही." लिहिलं. मग हळूच म्हणाला, "तिच्या त्या खोलीला खिडकी आहे का? आपल्या बाजूची?"

तेवढं कळव.