गवताचं छप्पर

ठमे,

आपल्या दारांमध्ये वीस पावलांचं अंतर, तरी चिठ्ठी लिहितेय. ही चौथी. आधीच्या तिन्ही चुलीत गेल्या.

तू सगळ्यांना सांगतेस की ताईला त्या पैशांची आधीच कुणकुण लागली होती. अगं, मला काय स्वप्न पडलं होतं? तू बाळंतीण होतीस आणि तुझं घर गळत होतं, म्हणून मी माझ्या घरावरचे पत्रे उतरवून तुला दिले आणि माझं घर गवताने शाकारलं. तुझे दाजी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते.

मग गरिबांना रोख मदत देणाऱ्या संस्थेची ती बाई आली. घरात डोकावलीसुद्धा नाही. रस्त्यातूनच वर बघितलं, गवताच्या घरांवर खडूने खूण केली आणि पत्र्याची सोडली. मी मागे धावले. म्हटलं, "बाई, तिचे पत्रे माझेच आहेत."

"असतील," ती म्हणाली, "पण आता तिच्या घरावर आहेत ना."

पैसे थेट माझ्या फोनवर आले. अर्धे तुला पाठवले, ते तू त्याच दिवशी परत केलेस.

आता त्या पैशांतून दाजींनी नवे पत्रे आणलेत. पंधरा दिवस भिंतीला टेकून उभे आहेत. दाजी रोज विचारतात, "चढवू का?" मी म्हणते, उद्या. चढवले, की तुझ्या दारातून चमकताना दिसणार.

आणि नाही चढवले, तर पुढच्या वर्षी ती बाई येईल आणि पुन्हा माझ्याच घरावर खूण करून जाईल.

समोरच्या घरातली,
तुझी ताई