पहिल्या गाडीचा मान

एल्क ओढा, नेब्रास्का
१२ जुलै १८९७

तीर्थरूप ल्युसिंडाताईस, धाकट्या अल्व्हाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. मका खांद्याला लागला आहे. आईचा गुडघा कसा आहे ते कळव.

लिहिण्यास कारण, ऑगस्टअखेर जुन्या वसाहतकऱ्यांचा मेळावा आहे. इथे वस्ती होऊन यंदा चाळीस वर्षं झाली, म्हणून मिरवणुकीतल्या पहिल्या गाडीचा मान कोणत्या घराचा, हे आता कायमचं ठरणार. बाबा होते तोवर ते बसायचे, कोणी हूं की चूं केलं नाही. ते गेले आणि ओढ्यापलीकडच्या टिबिटांच्या पोरांना कंठ फुटला. म्हणे, पहिले आम्ही.

समितीने दोन्ही घरांकडून, आपल्या पेटिग्रूंकडून आणि टिबिटांकडून, हकीकत मागवली आहे. मी शाळेत दोन हिवाळेच गेलो, पण तपशिलात मला कोणी हरवून दाखवावं. सत्तावनच्या मे महिन्यात बाबांनी चार ओंडके चौकोनात टाकून जागा धरली, तिथून सुरुवात केली आहे. मग आपलं पहिलं घर. ओढ्याच्या काठात खोदलेलं, दाराला फळी नाही, निळ्या चांदण्यांची गोधडी टांगलेली, आणि सकाळचं ऊन त्या गोधडीतून आत झिरपायचं. मी चार वर्षांचा होतो, तरी सगळं लख्ख आठवतं. ती टिबिटीण म्हातारी यावर काय बोलणार?

मजकूर सोबत आहे. आईची सही घे, तिला नवी टोपी शिवून दे आणि मेळाव्याला पाठव. गाडीत तीच बसेल.

लोभ आहेच, तो हिशेब न ठेवता करत राहा.

तुझा,
अल्व्हा


मस्कटीन, आयोवा
२५ जुलै १८९७

चि. अल्व्हास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी हकीकत आईला वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. ओंडक्यांपर्यंत हसत ऐकलं. म्हणाली, चार ओंडके टाकून घर होत असतं तर लाकूडतोडे अख्ख्या नेब्रास्काचे मालक झाले असते. पण गोधडी आली आणि तिने टोपली खाली ठेवली.

अरे, ती गोधडी केझाया टिबिटची. ते घर त्यांचं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते, म्हणून सांगते. बाबा ओंडके टाकून नदीकाठच्या लाकूडगिरणीत कामाला गेले. टिबिट ऑगस्टमध्ये आले. महिनाभर जागेवर कोणी राहिलं नाही तर ओंडके उचलून चुलीत घालायची आणि जागा घ्यायची मुभा होती, ते तुलाही ठाऊक आहे. त्यांनी घातले नाहीत. मोकळी जागा सोडून ते ओढ्यापलीकडे राहिले. ऑक्टोबरात आई आपल्या दोघांना घेऊन बैलगाडीने आली, तर तिथे ओंडक्यांच्या चौकोनात नुसतं गवत. बाबा तापाने गिरणीतच अडकलेले. केझायाने तो सबंध हिवाळा आपल्याला स्वतःच्या चुलीशी घेतलं. तू तिच्या मुलांबरोबर एका पांघरुणात झोपायचास, आणि लाथा मारायचास.

बाबांनी हे कधी सांगितलं नाही. आईही गप्प राहिली, त्यांचा मान म्हणून. आता ती म्हणते, "मेलेल्याचा मान पुष्कळ ठेवला. केझाया जिवंत आहे." सही करणार नाही म्हणते. आणि येणारही नाही. आधी खरं काय ते चारचौघांत वाच, मग बोलाव, असा निरोप आहे. तिची हनुवटी कशी वर होते ते तुला माहीत आहे, तुझीही तशीच होते.

रागावशील, तरी जेवून घे. पत्र मात्र फाडू नकोस.

तुझी,
ल्युसिंडा


एल्क ओढा, नेब्रास्का
१ सप्टेंबर १८९७

तीर्थरूप ताईस व आईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, फाडलं नाही. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण मी बघितल्याशिवाय लिहीत नाही. म्हणून पहाटे ओढ्यावर गेलो. आपली बाजू पूर्वेची, तिथला काठ मावळतीकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन त्यात शिरणं शक्यच नाही. पलीकडे टिबिटांच्या काठात जुना खड्डा आहे, अर्धा ढासळलेला. त्यात जाऊन बसलो. ऊन थेट तोंडावर आलं.

घरी येऊन सगळी हकीकत नव्याने लिहिली. बायको म्हणाली, गुपचूप समितीला देऊन टाका. मी म्हटलं, नाही. बाबा पहिल्या गाडीच्या ज्या पायरीवरून चढायचे तिथेच उभा राहून वाचणार.

काल वाचली. टिबिटांची पोरं कमरेवर हात ठेवून भांडायच्या तयारीने आली होती, त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. मागून कोणीतरी म्हणालं की पेटिग्रू उन्हाने भ्रमला. मी तेवढं वाक्य पुन्हा वाचलं, आवाज चढवून: पहिलं घर टिबिटांचं, आणि त्या घरात आम्ही वाचलो.

केझायाकाकू काठी टेकत पुढे आल्या. समितीने त्यांच्यासाठी गाडीची पायरी पुसली. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही, मलाच विचारलं, "हुल्दा कुठंय?" आई आयोवात आहे, असं सांगितलं. तर म्हणाल्या, ती नाही तर मग घोड्यांनाच जाऊ द्या पुढे.

आणि गेले घोडे. फुलं लावलेली पहिली गाडी रिकामी, मागे बँड, मागे सगळा गाव. काकू माझ्या शेतावरच्या गाडीत ओटच्या पोत्यावर बसून, सगळ्यांच्या शेवटी. रस्ताभर मला सांगत होत्या की मी लहानपणी फार लाथा मारायचो.

शनिवारच्या आगगाडीने मी आईला न्यायला येतो. गुडघ्याची सबब चालणार नाही, उचलून आणीन. काकूंनी चुलीजवळचा पलंग रिकामा केला आहे. आईने आपल्याकडे उतरायचं की ओढ्यापलीकडे, ते त्या दोघींनी ठरवावं. मी मध्ये पडणार नाही.

माया धाकट्यावर होती तशीच ठेवावी.

तुझा,
अल्व्हा