तिथंबी आयाच असन

माय, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर काय रागवायचं. मी म्हणते, जिवंतपणी तू रागवू दिलंस कुठं?

सगळी वस्ती तू दवाखान्यात नेलीस. बायांच्या वार्डातली आया तू, पण तोरा मेट्रनचा. कोणाला ताप आला, कोणाची कूस दुखली, की पदर खोचून दारात उभी. "चाल वं माह्यासंगं, घरी बसून मरतं काय?" उशिरा आलेल्या बायांवर तर तू तुटून पडायचीस. डबा घेऊन आले की मी ऐकायचे. पोटात गाठ वाढवून खेड्यावरून आलेली एखादी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि तू तिच्या खालचं भांडं काढता काढता बोलते आहेस, "आतापर्यंत काय करून राहिली होती वं? घरचे झोपले होते काय?" मग तिची वेणीही तूच घालायचीस. आणि नंतर नळावर ती भांडी धुताना तुम्ही सगळ्या आया कोण किती किंचाळली, कोणाचं लुगडं कसं सुटलं, हे सांगून खिदळत बसायच्या. वाईट नव्हता तुम्ही. त्या कामात हसल्याशिवाय दिवस निघत नसेल.

तुझी पाळी जाऊन जमाना झालेला, आणि एका सकाळी तू न्हाणीत स्वतःचं लुगडं स्वतः धुते आहेस. घरात तीन सुना असताना! पाणी लाल. मी माहेरपणाला आले होते म्हणून दिसलं तरी. "काहून लपवून राहिली, माय?" विचारलं, तर म्हणालीस, "ज्या पोरींले भांडं द्याले मी शिकवलं, त्याइच्यापुढं मीच उघडी पडू?" म्हटलं, धंतोलीत खासगी दवाखान्यात जाऊ, तिथं तुला कोण ओळखतं. तू लुगडं पिळत म्हणालीस, "तिथंबी आयाच असन ना."

मी त्याच दिवशी भावांना सांगितलं. तिघंही दांडगे, पण तुझ्यापुढं शेळ्या. थोरल्यानं कशीबशी सायकलरिक्षा दारात आणून उभी केली. तू पाहिलंस, चपला घातल्यास, आम्हाला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे. तू सरळ शेजारच्या घरात शिरलीस आणि त्यांच्या दमेकरी म्हातारीला धरून आणून रिक्षात बसवलंस. "बरं झालं आणली गा, हिले सकाळपासून दम लागून राहिला." रिक्षा गेली. भाऊ नुसते पाहत राहिले, मी संतापानं रडत राहिले. दिवाळीही नाही पाहिलीस तू. तुझ्या वार्डातल्या त्या सगळ्या पोरी मयताला आल्या. आंघोळ त्यांनीच घातली तुला. एकही हसली नाही, माय. एकही नाही! हेच तुला ओरडून सांगायचं होतं.

तुझा पत्ता असता तरी हे पाठवायची हिंमत झाली नसती. छातीत गाठ लागते म्हणून काल लेकीनं धंतोलीत माझा नंबर लावून दिला, आणि ती कामावर गेली. आतून एक आया आली. पोर चांगली होती, मला मावशी म्हणाली, पोलकं काढून हा गाऊन घाला म्हणाली. मी म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि रस्त्याला लागले. लेकीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, काही नाही.