खंदकाकाठचे बूट

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज 'खंदकाकाठी' या माझ्या ब्लॉगचा वाढदिवस. मराठ्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी खणायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला खंदक, तो बुजवून झालेले रस्ते, आणि त्या रस्त्यांवरून दर रविवारी चालणारा एक मराठी माणूस, म्हणजे मी. असा ब्लॉग अख्ख्या मराठीत दुसरा नाही. वासंतीचं म्हणणं, पहिल्याचीच कुणाला गरज होती? बायकोला हा विषय कळणं अवघड आहे.

आज वाढदिवसानिमित्त ब्लॉगच्या माथ्यावर ठळक अक्षरांत टाकलं: 'इथे एकही जाहिरात नाही. कधीही असणार नाही.' बँकेत मी व्हिजिलन्सला आहे. दिवाळीत ग्राहकाने पाठवलेला सुक्यामेव्याचा डबा मी मॅनेजरला परत करायला लावला होता. तत्त्व म्हणजे तत्त्व. ते ऑफिसात एक आणि घरी एक असं नसतं.

श्यामरावांचा लगेच फोन आला. बागबाजारला राहतात, पूर्वी रेल्वेत होते, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. माझा प्रत्येक लेख प्रिंट काढून वाचतात. म्हणाले, सुधाकरराव, हल्ली कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही, तुमचं आपलं बरं आहे. फार बरं वाटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

'लिंकसेतू' नावाच्या एजन्सीकडून ईमेल. पाठवणारा कुणी ऋषभ. मला 'हेरिटेज इन्फ्लुएन्सर' म्हणतो. लेखात एका बुटांच्या कंपनीची लिंक टाकायची विनंती. हसू आलं. उद्या सणसणीत नकार पाठवणार.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नकार पाठवला नाही. समोरच्याचं ऐकून न घेता नकार देणं असभ्यपणाचं आहे. ऋषभला फोन केला. मुलगा नम्र आहे, वाक्यागणिक सर म्हणतो. म्हणाला, सर, ॲड नहीं है, बस एक लिंक है, नॅचरल लगना चाहिए. पैसे घेणार नाही असं मी निक्षून सांगितलं. तो म्हणाला, पैसे देतच नाही सर, फक्त बूट देतो, वापरून बघायला.

विचार केला. लिंक म्हणजे जाहिरात नव्हे. लिंक म्हणजे तळटीप. आणि बूट वापरून बघणं म्हणजे संशोधन. होकार दिला. करार ईमेलवर आला, लांबलचक होता, सही केली. पार्सलसाठी ऑफिसचा पत्ता दिला. घरी उगाच चौकशा होतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बूट आले. 'चरणसुख वॉकर'. दिसायला रुबाबदार. घरी आणून बैठकीच्या खोलीतून बाल्कनीपर्यंत चालून पाहिलं. टाचेला चावतात. बोटंही आवळतात. पण एवढ्याशा चालण्यावरून मत बनवणं अशास्त्रीय ठरेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

लेख टाकला. विषय: खंदक खणणारे मजूर. मधोमध अगदी सहज एक परिच्छेद आला: 'त्या मजुरांच्या पायांत काय असेल कोण जाणे. माझ्या पायांत मात्र हल्ली चरणसुख असतात, आणि बागबाजारपासून सियालदापर्यंत चाललो तरी पाय आहेत हे जाणवत नाही.' पुढचं वाक्य ऋषभने सुचवलं: 'पहिला आठवडा थोडे घट्ट वाटतात, मग पायाचा आकार घेतात.' तेही घातलं. कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत ते खरं असणारच.

मी स्वतः आज जुन्या सँडल घालूनच गेलो होतो. वासंतीने लेख वाचला आणि बाल्कनीतल्या कोऱ्या बुटांकडे बोट दाखवून विचारलं, की हे सियालदाला एकटेच जाऊन आले का? ललित लेखनात 'मी' म्हणजे लेखक नसतो, हे मी तिला समजावलं. ती मटार सोलत राहिली.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी श्यामरावांचा फोन. त्यांनी चरणसुख मागवले! लिंकवरूनच. डॉक्टरांनी डायबेटीससाठी रोज चालायला सांगितलंय, पण पायांना जपा म्हणून बजावलंही आहे. कुठले बूट घ्यावेत ते कळत नव्हतं. म्हणाले, तुम्ही लिहिलंत, मग काय, डोळे मिटून घेतले.

दुपारी मासे नीट जेवता आले नाहीत. ऋषभला सांगून उद्याच्या उद्या लिंक काढून टाकणार. ठरलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

लिंक काढता येत नाही. करारात आहे म्हणे: ब्लॉग आहे तोवर लिंक राहील, आणि तिच्या आसपास 'जाहिरात', 'प्रायोजित', 'सौजन्याने' असलं काही लिहायचं नाही. मी सही केली तेव्हा हे बहुधा बारीक टायपात असावं. आज उघडून पाहिलं. टाइप नेहमीएवढाच आहे.

मी आवाज चढवला. ऋषभने आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाला, सर, आप हटा दीजिए, कोई बात नहीं, बस पेनल्टी का नोटिस रजिस्टर्ड ॲड्रेस पे जाता है.

रजिस्टर्ड ॲड्रेस म्हणजे व्हिजिलन्स विभाग, चौथा मजला. टपाल माझा बॉसच फोडतो.

बुधवार, ३ डिसेंबर

ऑफिसात माझं वार्षिक ट्रेनिंग झालं. विषय: भेटवस्तू आणि हितसंबंध. तेवीस स्लाइड्स. मी छान बोलतो असं सगळे म्हणतात. शेवटी एका नव्या ऑफिसर मुलीने विचारलं, की वस्तू नुसती वापरून बघायला दिली असेल तर? मी म्हणालो, मॅडम, पळवाटा शोधणाऱ्याचीच नियत आधी तपासावी लागते. टाळ्या पडल्या. बसलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. डिसेंबरात.

रविवार, ७ डिसेंबर

आनंदाची बातमी! इथल्या मराठी मंडळाची संक्रांत यंदा वेगळी. तिळगूळ हॉलमध्ये न वाटता 'खंदक-फेरी' काढायची, बागबाजारच्या घाटापासून. मार्गदर्शक: मी. एवढ्या वर्षांनी लोकांना किंमत कळली.

संध्याकाळी सेक्रेटरी विनीताताईंनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा लेख टाकला. खाली लिहिलं: 'चालायचं आहे, तेव्हा सर्वांनी सुधाकररावांचे बूट मागवावेत. ते जाहिरात करणाऱ्यांपैकी नाहीत, हे आपण जाणतोच.' खाली अंगठेच अंगठे.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं, की ज्याने त्याने आपल्या पायाला सोसेल ते घालावं. लिहून पुसलं. एकदम असं लिहिलं तर लोक विचारतील, का?

गुरुवार, ११ डिसेंबर

ऋषभचा फोन. कंपनी बेहद्द खूश. कलकत्त्यातून मराठी आडनावांच्या ऑर्डरी धडाधड येतायत. बक्षीस म्हणून मला गिफ्ट व्हाउचर्स. ती फक्त चरणसुख घेण्यासाठीच चालतात.

रविवार, २१ डिसेंबर

श्यामरावांना खासगीत सगळं सांगायचं ठरवून बागबाजारला गेलो. डमडमहून मेट्रोने श्यामबाजार, तिथून चालत. वाटेत वाक्यं जुळवली: श्यामराव, एक छोटासा तपशील सांगायचा राहिला.

त्यांनी दारातच हात धरून आत नेलं. खजुराच्या नव्या गुळाची बंगाली मिठाई, नोलेन गुळाचे संदेश, आणून ठेवली होती, माझ्यासाठी. स्वतः खात नाहीत, मला खाताना बघत बसले. बूट कोपऱ्यात, पुसून ठेवलेले. म्हणाले, थोडे आवळतात, पण तुम्ही लिहिलंच होतं ना, पहिला आठवडा घट्ट वाटतात. मी म्हटलं, आता महिना होत आला. ते म्हणाले, माझे पाय जुने, त्यांना वेळ लागणारच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात संदेश होता. मग त्यांनी माझ्या लेखांची फाईल काढली आणि तो विषय राहिला. पुढच्या रविवारी नक्की.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

संकल्प. एक, श्यामरावांना फेरीच्या आत सांगणे. दोन, ऋषभचा फोन न उचलणे. तीन, गोड कमी.

संध्याकाळी ऋषभचा फोन आला. नववर्षाच्या शुभेच्छा देणाऱ्याचा फोन न घेणं बरं दिसत नाही. फेरीला कंपनीचा फोटोग्राफर येणार आहे. मी बुटांत दिसलो पाहिजे.

रविवार, ११ जानेवारी

घरात रोज थोडा वेळ बूट घालून सराव करतो. दोन्ही टाचांना पट्ट्या. काल लेक ऋचाने बघितलं. तिचं सगळं शिक्षण इथलं, त्यामुळे मराठी तिच्या पद्धतीचं. म्हणाली, बाबा, ते तर ॲडच होतं ना? मग वरती ॲड लिहून दे ना, इतकी कसली टेन्शन घेतोस? मी म्हणालो, जगात एवढं सोपं काही नसतं. ती म्हणाली, लिहायला तर एकच शब्द लागतो.

या पिढीला गुंतागुंत कळत नाही.

रविवार, १८ जानेवारी

खंदक-फेरी झाली.

घाटावर सगळं मंडळ जमलं. थंडी होती, माकडटोप्या, शाली, आणि खाली ओळीने चरणसुख. एकट्या वासंतीच्या पायांत तिचे जुने कॅनव्हासचे बूट. फोटोग्राफरने पायांचा फोटो काढताना तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. माझ्याकडे बघत झाली.

पहिल्या वळणावर विनीताताईंच्या बुटाचा तळ सुटला. मग आणखी दोघांचे. मंडळातल्या रोडेसाहेबांनी पानवाल्याकडून सुतळी घेऊन बूट बांधला. लोक हसत होते, मला कुणी काही बोललं नाही. उलट विनीताताई म्हणाल्या, आपल्यालाच बनावट माल पाठवलेला दिसतो, सुधाकररावांचे बघा कसे धड आहेत. माझे धड होते, कारण ते आज पहिल्यांदाच रस्त्यावर आले होते.

श्यामबाजारच्या अलीकडे मागे वळून पाहिलं तर श्यामराव दिसेनात. मागे गेलो. एका जुन्या घराच्या रोवाकावर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, बसले होते. बूट काढलेला. मोजा टाचेपासून बोटांपर्यंत लाल. त्यांना ते जाणवलंच नव्हतं. मोजा ओला का लागतोय म्हणून बसलो, म्हणाले.

मी घाबरलो. खरोखर घाबरलो. गुडघे टेकून तिथेच बसलो आणि रुमाल बांधला. तोंडाशी आलं होतं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, अहो, चूक माझी, मी नंबर लहान मागवला. तुम्ही कशाला कानकोंडे होता?

वासंतीने टॅक्सी थांबवली. तिळगूळ तसाच राहिला.

बुधवार, २१ जानेवारी

जखम खोल आहे. डॉक्टर म्हणतात, डायबेटीसचा पाय, चिघळली तर बोट ठेवता येईल याची खात्री नाही. रोज ड्रेसिंग. महिनाभर तरी चालणं बंद. म्हणजे ज्यासाठी बूट घेतले तेच बंद.

वासंती रोज ऑफिसनंतर त्यांना डबा नेऊन देते. काल म्हणाली, की लिंक ठेवा नाहीतर काढा, नोकरीचं काय ते तुम्ही बघा, पण त्यांना सांगा. त्या माणसाला आपण स्वतःच चुकलो असं वाटतंय. एवढंच बोलली. ती माझा ब्लॉग आता उघडत नाही.

झोप लागत नाही. मी वाईट माणूस नाही. पण सध्या हे कुणाला पटवून द्यायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही.

शनिवार, २४ जानेवारी, सकाळी

केलं!

लेखाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द: 'जाहिरात'. नोटीस येऊ दे. बॉस फोडू दे. आता इतकं हलकं वाटतंय. ऋचाने पाठ थोपटली. वासंतीने न विचारता चहा आणून दिला, आलं घालून. उद्या श्यामराव वाचतील आणि त्यांना सगळं कळेल. समोरासमोर बोलण्यापेक्षा हे जास्त सभ्य आहे. लेखकाने लिहूनच सांगावं.

रविवार, २५ जानेवारी

श्यामरावांचा फोन. आवाज घाबरलेला. सुधाकरराव, तुमचा ब्लॉग कुणीतरी हॅक केलाय! तुमच्या लेखावर कुणी दुष्टाने 'जाहिरात' असं लिहून ठेवलंय. तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका. मी रात्रीच ग्रुपवर कळवलंय, की या माणसाची हमी मी घेतो, वाटेल त्याने माझ्याशी बोलावं.

ग्रुप उघडला. चाळीसजणांची सहानुभूती. विनीताताईंचे हात जोडलेले. रोडेसाहेबांचा भाचा सायबर सेलमध्ये आहे, तक्रार करायची का विचारतायत.

स्वयंपाकघराच्या दारात वासंती उभी होती. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे पाठ केली, फोनवर नीट ऐकू येत नव्हतं म्हणून.

श्यामराव म्हणाले, की तो शब्द ताबडतोब काढून टाका, मला बघवत नाही. मी म्हणालो, हो, काढतो.

काढला.

थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन. बघितलं म्हणाले, आता बरं वाटलं. वासंतीला डब्याबद्दल आशीर्वाद सांगितले. मग म्हणाले, पाय बरा झाला की तेच बूट पुन्हा मागवणार आहे, या वेळी एक नंबर मोठे. तुम्ही सांगा, घेऊ ना?

मी म्हणालो, दोन नंबर मोठे घ्या.