थंडी तयार होते, पण जाते कुठे?

लेस्कोवात्स, १९ जुलै

प्रिय स्वेतोझार दादा,

धाकट्या ल्युबिंकाचा सादर नमस्कार. आई आणि मी उकडून निघालो आहोत, एवढं सोडलं तर दोघींची तब्येत छान. तुझा गुडघा काय म्हणतो? तुमच्याकडे आईसाठी ठेवलेल्या खोलीला वहिनींनी फिकट निळा रंग लावून घेतल्याचा फोटो मिळाला. (आईनं चष्मा लावून दोनदा पाहिला आणि काहीच बोलली नाही. आई काही बोलली नाही, ही या घरात बातमी आहे.)

आता गाडीचं. एप्रिलमध्ये ती मला देताना तू म्हणाला होतास, एसी असा आहे की दात वाजतील. जुलैत बटण दाबलं, तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा तोंडावर आली. एरवी मी खिडक्या उघडून भागवलं असतं. पण आईला तुमच्याकडे सुबोतित्साला राहायला पोहोचवायचं, रस्ता सहा तासांचा, तिचं वय ब्याऐंशी, आणि डॉक्टरांनी बजावलंय की तापलेल्या गाडीतून तिला तासभरसुद्धा न्यायचं नाही. वर तुझा दर रविवारी फोन, "कधी निघताय?" म्हणून कामाला लागले. स्टेशनामागच्या गॅरेजवाल्यानं गाडीकडे न बघताच गॅस संपल्याचं सांगून टाकलं. मग यंत्र लावलं, तर गॅस भरपूर! तेव्हापासून तो गाडीशी बोलत नाही आणि माझ्याशीही.

पण दादा, मी पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली आहेत. लक्षण दिसलं की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि शेजारीच उभी राहिले. एसी लावला की आत टक् असा आवाज होई, म्हणजे कॉम्प्रेसर जागा होता. एका नळीला हात लावला, तो भाजला. (दोन बोटांना मलम लावलंय, अक्षर वाईट आहे ते त्यामुळे.) दुसरी नळी मात्र गारेगार, लिंबाच्या सरबताच्या पेल्यासारखे तिच्यावर थेंब. आणि गाडीखाली पाण्याचं थारोळं. शेजारच्यांचं मांजर तिथं रोज येऊन पाणी पितं. म्हणजे थंडी तयार होत होती. मग जात होती कुठे? दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. आई गॅलरीतून ओरडे, "अगं पोरी, सोड तो नाद! गार वारं मानेत शिरलं की माणूस जातं. तुझा पेतर काका काय उगाच गेला?" (पेतर काका एक्क्याण्णवाव्या वर्षी चेरीच्या झाडावरून पडून गेले. पण त्या दिवशी वारं होतं, असं आईचं म्हणणं.)

शेवटी आपल्या गल्लीतल्या ब्लागोये मिस्त्रींना गाठलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण या कामाला ते तीनदा टाळाटाळ करून चुकले होते. "ताई, राहू द्या ना, थंडी पडली की बघू." थंडी पडल्यावर एसी! खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले की डॅशबोर्डच्या आत एक झडप असते, ती गार हवा बाहेर सोडायची की गरम, ते ठरवते, आणि तिला फिरवायला एक छोटी मोटर असते. म्हटलं, मग तीच बघा. उसासा टाकून ते डॅशबोर्डखाली आडवे झाले, पाय दाराबाहेर, आणि न शोधताच त्यांचा हात बरोबर जागेवर गेला. मोटरची पिन काढलेली होती. पिनेच्या टोकाला नवीकोरी काळी टेप, अगदी नीटनेटकी. मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत आई मान खाली घालून शेंगा सोलत होती.

"काकू, आता मी काय करू? तुम्ही शपथ घातलीय!"

"तोंड न उघडण्याची घातली होती रे मेल्या!"

वर कॉफी ठेवली आणि सगळं बाहेर आलं. मे महिन्यात मी दुकानात असताना आईनंच त्यांना बोलावलं, झडप गरमकडे फिरवून घेतली आणि पिन काढायला लावली. मला वाटलं, मानेतल्या वाऱ्याच्या भीतीनं. तर म्हणाली, "वाऱ्याचं काही नाही गं. स्वेतोझारनं खोली रंगवली. रंगवलेल्या खोलीला नाही कसं म्हणायचं? पण तिथं मी भांडू कुणाशी? इथं माझी चाळीस वर्षांची भांडणं आहेत." एवढं म्हणून कपाची कड पुसत बसली. दादा, मला हसू आलं आणि मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. मिस्त्रींनी हळूच विचारलं, "ताई, जोडू की नको?" म्हटलं, नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
ल्युबिंका

ता. क. – खरं काम हे. रविवारी फोन करशील तेव्हा आईला सांग की त्या मोटरचा भाग आता कुठेच मिळत नाही, तेव्हा यंदा राहू दे. आणि ऑगस्टमध्ये तुम्हीच इकडे या. तुला काहीही ठाऊक नाही, असंच तिला वाटू दे.

ता. क. दुसरा – पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. काल बाजारातून गाडीनं परतताना बाहेर चाळीस अंश होते. आई भाजल्या मिरचीसारखी लाल. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "ब्लागोयेकडून ते गुपचूप जोडून घेता येईल का?" संध्याकाळी जोडून घेतलं. आज सकाळी दह्याचं निमित्त काढून तिनं मला गावाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या. उतरताना म्हणाली, "स्वेतोझारचा फोन आला तर सांग, गाडी बिघडलेलीच आहे, दहीसुद्धा पायी जाऊन आणावं लागतं."