जर्दाळूच्या फुलांवर पाणी

सियों, इस्पितळ
४ एप्रिल १९६१

चि. सोलांज हीस बाबांचे आशीर्वाद.

पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. जीभ तेवढी धडधाकट आहे, असं इथली परिचारिका म्हणते. मार्चमध्ये आठवडाभर दक्षिणेचा ऊन वारा सुटला होता. त्याला भुलून आपली जर्दाळू फुलली असणार. आता आकाश निवळलं की रात्री दहिवर गोठलंच समज. ओळीने तेलाच्या शेगड्या पेटव. तू हौसेने टाकलेल्या त्या फवाऱ्याच्या नळ्यांना हात लावू नकोस. गारठ्यात फुलांना आंघोळ घालणं म्हणजे तापकऱ्याला विहिरीत ढकलणं.

दोन वर्षं फुलं गारठ्याने करपली. यंदाही गेली, तर शरदात सगळी झाडं काढायची. शेजारच्या उलिसला करवत घेऊन यायला सांगून ठेवलंय.

तुझा काळजीखोर,
बाबा

साक्सों
९ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. मी पाणीच सोडलं. परवा पहाटे पारा उणे चारवर उतरला. मी एकटी किती शेगड्यांमागे धावणार? फुलांवर बर्फाचं कवच चढलं, फांद्या वाकल्या, तेव्हा मला रडूच फुटलं. उलिसकाका कुंपणावरून ओरडले, की बाप इस्पितळात पडलाय आणि लेकीला वेड लागलंय! ऊन आल्यावर म्हणाले, आता तरी बंद कर. पण पाणी गोठताना ऊब सोडतं, तीच आतल्या फुलाला जगवते, म्हणून बर्फ आपण होऊन गळेपर्यंत पाणी थांबवायचं नाही, असं शेतकी शाळेत बजावलं होतं. साडेदहापर्यंत चालू ठेवलं. आता नाक गळतंय.

सोबत काड्यापेटीत, ओल्या कापसात दहा फुलं आहेत. गाभा काळा तर मेलं, हिरवा तर जगलं, हे तुम्हीच शिकवलंत. मी काय पाहिलं ते सांगत नाही. म्हणाल, पोरीला रंग कळत नाहीत. तुम्हीच चिरा.

लोभ आहेच, तो बर्फासारखा गळू देऊ नये.
तुमची हट्टी,
सोलांज

सियों
११ एप्रिल

चि. सोलांज हीस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा वस्तरा मागून घेतला. पहिलं हिरवं, दुसरं हिरवं. तिसरं चिरलं, तेही हिरवं! मग सगळी खोली मोठ्याने मोजू लागली. नवांत एकटं सातवं काळं निघालं. तो देवाचा वाटा समजू. पोरी, इतकं हायसं वाटलं, की रडलो. परिचारिकेला वाटलं, पाय दुखतोय.

उलिसला सांग, करवत घरीच ठेव. पुढच्या वर्षी त्याच्या बागेत नळ्या टाकायला तूच जा. आणि नाकाला वाफ घे.

दहावं फूल चिरलं नाही. तुझ्या शब्दावर सोडून दिलं.

तुझा,
बाबा