बिनकळ्यांचे मोदक

आई, मला आजार आहे. खराखुरा, नाव असलेला! हे वाक्य एवढ्या आनंदाने लिहिणारी बाई तू कधी पाहिली नसशील. पण आज सकाळपासून कुणाला तरी धरून, हलवून हलवून हे सांगावंसं वाटतंय. नवऱ्याला सांगून सांगून झालं. आता तूच राहिलीस, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

दोन वर्षं मी तपासण्या करत फिरतेय. शाळेत पहिल्या तासाला माझं अक्षर फळ्यावर मोत्यासारखं, आणि शेवटच्या तासाला खडू धरलेला हात आपोआप खाली येतो. संध्याकाळी डावी पापणी डोळ्यावर उतरते, अर्धी भाकरी चावून झाली की जबडा संप करतो. रक्त तपासलं, एमआरआय झाला, नसांना बारीक करंट देऊन बघितलं. सगळं नॉर्मल. एका मोठ्या डॉक्टरांनी तर मला बाहेर बसवून ह्यांनाच आत बोलावलं आणि विचारलं, घरात काही टेन्शन आहे का? तेव्हापासून ह्यांचं सुरू, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आलेत, पेढे वाटायचे सोडून रडतेस काय?" मी रडायचे, कारण मला भीती वाटायची की हे सगळं मी मनानेच उभं केलंय. शाळेतही कुजबुज होतीच. वेड लागल्याचा शिक्का बसायच्या आत आपणच नोकरी सोडावी, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

आता गंमत ऐक. ह्या सगळ्या डॉक्टरांकडे मी कशी गेले? तू शिकवलंस तशी. गोडदेवच्या आपल्या त्या एका खोलीत मी तापाने फणफणलेय, आणि तू मला आधी झोपवतेस, मग उठवून तोंड पुसतेस, पावडर लावतेस, घट्ट वेणी घालून इस्त्रीचा फ्रॉक चढवतेस. वाटेत मी भोकाड पसरलं तर केवढी करवादलीस! "गप! डॉक्टरासमोर असा अवतार घेऊन जातात काय? ताजंतवानं जायचं, म्हणजे तो नीट बघतो." मी तेच करत राहिले. सकाळचा पहिला नंबर लावायचा, आदल्या दिवशी रजा टाकून झोप काढायची, चांगली साडी नेसायची. डॉक्टर म्हणायचे, हात वर करा. मी झोकात वर करायचे!

काल माघी गणपती. आणि आदल्या रात्रीच नवीन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला, सकाळचा नंबर रद्द, संध्याकाळी या. मी पहाटेपासून एकटी उकडीच्या मोदकांना बसलेली, मग दिवसभर माणसं, पानं, उष्टी-खरकटी. "नको जाऊया, माझा अवतार बघा," मी म्हणाले. "नंबर परत महिन्याने मिळेल. चल," हे म्हणाले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून उरलेल्या मोदकांचा डबा घेतला आणि नवघरच्या घरून रिक्षाने स्टेशनपलीकडे पश्चिमेला, मुर्ध्याच्या रस्त्याला त्यांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. प्रसाद म्हणून डबा उघडला आणि बघतच राहिल्या. "हे वरचे कुणी केले?" वरच्या मोदकांना कळ्याच नव्हत्या, नुसते गोळे चिमटून बंद केलेले. मी ओशाळले. "मीच." "आणि हे खालचे?" खालच्यांना बारीक, एकसारख्या कळ्या, तू घालायचीस तशा. "तेही मीच. खालचे आधी केलेले." त्यांनी डबा बाजूला ठेवला. "वर छताकडे बघत राहा. खाली बघायचं नाही." मी बघतेय, पंखा बघतेय, एकाचे दोन पंखे होतात आणि पापणी हळूहळू खाली येते. मग त्यांनी कंपाउंडरला पिटाळलं. समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आला. रुमालात बांधून त्यांनी तो मिटल्या पापणीवर धरला, जरा वेळाने काढला, आणि हेच ओरडले, "अरे, उघडला! उघडला डोळा!"

मायस्थेनिया ग्रेव्हिस. म्हणजे स्नायू वापरले की दमतात, विश्रांती मिळाली किंवा गारवा लागला की परत ताजे होतात. काहीजणांचं रक्त तपासूनही काही सापडत नाही, म्हणाल्या. "आणि तुम्ही प्रत्येक डॉक्टरला विश्रांती घेऊनच भेटलात!" तेव्हा मला तू दिसलीस, हातात पावडरचा डबा घेतलेली. तुझ्यावर रागवायला हवं होतं, पण मला हसूच आवरेना, हसता हसता डोळ्यांतून पाणी. आज गोळी घेतली आणि अख्खी भाकरी चावून खाल्ली गं. हे समोर बसून बघत होते. पूर्ण बरं होईलच असं नाही, पण सांभाळता येतं म्हणे.

निदान पक्कं करायला मुंबईत अजून एक तपासणी आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "छान दमून या." मी हो म्हणाले आहे. शाळेचे सगळे तास घेऊन, पुढे स्टेशनपर्यंत चालत जाणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तेव्हा इथेच उशीखाली राहील. पण तुझ्यापासून काय लपवायचं? जायची साडी मी आत्ताच इस्त्री करून ठेवलीय. आणि पावडरही लावणार आहे, थोडीशी.